दोन फुटांपुरता नंबर

पहिला फटका बसला तो चष्म्याला. कुणाचं तरी कोपर सणसणत आलं, बिरुदेवाच्या नाकाडावर आदळलं आणि चष्मा कुठल्या कुठं उडाला. पुढचं सगळं भांडण त्यानं उघड्या डोळ्यांनी बघितलं, पण ते डोळे उणे पाच नंबरचे होते.

नंबर नसलेल्या माणसाला उणे पाच म्हणजे काय ते सांगून कळत नाही. अंधार नसतो. रंग दिसतो, हालचाल दिसते. फक्त कशालाच कड नसते. त्यामुळं थोरला भाऊ जोतिराम हा एक पांढरा ढग होता, चुलतभाऊ दिग्विजय हा तांबडा. दोन्ही ढग विहिरीच्या काठावर एकमेकांत शिरले. काहीतरी लांबोडकं वर गेलं आणि खाली आलं. एक आवाज झाला, कोरडा, फांदी मोडावी तसा, आणि कुणीतरी ओरडलं. मग झटापट. पांढरा ढग जमिनीला लागला. मग ते लांबोडकं पुन्हा वर गेलं आणि खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि खाली आलं. हे दोन आवाज ओले होते. पांढरा ढग वरच्या टोकाकडून तांबडा होत गेला.

बिरुदेव गुडघ्यांवर बसून चष्मा चाचपडत होता. हाताला चिकट, गरम काहीतरी लागलं. मोटारीचं ऑइल गरम नसतं, हे त्याच्या डोक्यात आलं आणि मग ते काय आहे तेही आलं. तेवढ्यात मागून कुणी धावत आल्याचा आवाज झाला, विहिरीत काहीतरी जड पडलं आणि पलीकडं उसात पानं सळसळत गेली. चष्मा सापडला तेव्हा त्याची एक काच शाबूत होती. ती डोळ्याला लावून त्यानं बघितलं. दादाचं डावं कानशील आत गेलं होतं. डोळा उघडा होता आणि त्यावर माती बसलेली होती. शेजारी आबा, म्हणजे बाप गुंडा, दोन्ही हात मांड्यांना पुसत उभा होता.

ही विहीर जेऊरपासून सहा किलोमीटरवर, उजनीच्या फुगवट्याला लागून. तिचं पाणी कधी आटत नाही. दोन मोटारी दिवसभर चालवल्या तरी हातभर उतरत नाही. भांडण पाण्याचं नव्हतंच. भांडण विजेचं होतं. दोन्ही घरांच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर. दोन्ही एकदम चालू झाल्या की दाब पडतो आणि ज्याची मोटार जुनी ती जळते. म्हणून पाळी ठरलेली. दिग्विजयनं पाळी मोडून बटण दाबलं आणि दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जोतिरामची मोटार जळाली. मोटार सोडवून जेऊरला वायंडिंगला दिली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी जोतिराम म्हणाला, चल, दिग्याला दोन शब्द सांगून येऊ. हातात टॉवेलचं गुंडाळं होतं. आंघोळ तिकडंच उरकायची असेल, असं बिरुदेवाला वाटलं.

जोतिराम तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात वारला.

दिग्विजयला त्याच रात्री टेंभुर्णीच्या स्टँडवर धरलं. त्याच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं. तो म्हणत होता, आधी जोतिरामनं मारलं. मी ढकललं आणि तो काठावर डोकं आपटून पडला. बिरुदेवाच्या घरचे म्हणत होते, पळताना पडला असेल, मोडलं हाड.

बिरुदेवाचा जबाब हवालदार सयाजी यांनी घेतला. बिरुदेवानं सांगितलं की दिग्विजयनं त्याला कोपर मारलं, मग पाइप-पान्यानं दादाच्या डोक्यात घाव घातले आणि पाना विहिरीत टाकून पळाला. पाना कसा होता? निळ्या मुठीचा. हे निळं सांगायला कारण होतं. वाटणी झाल्यावर अवजारांची अदलाबदल होऊन रोज कटकटी व्हायच्या, तेव्हा आज्जा भीमानं रंग वाटून दिले होते. थोरल्या गुंडाला पिवळा, धाकट्या धोंडीरामाला निळा. खोरी, पाइप, पाने, सगळ्याला दर खंडेनवमीला रंगाचा नवा हात. दिग्विजय धोंडीरामचा पोरगा, म्हणजे पाना निळाच. धोंडीरामच्या घरात निळा पाना जागच्या जागी सापडला, तर बिरुदेव म्हणाला, नवा आणून रंग फासला असणार. तुमचा कुठं आहे, असं हवालदारांनी विचारल्यावर आबा म्हणाले, मोटारीबरोबर वायंडिंगवाल्याकडं गेला.

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "चष्मा पडल्यावर तुला बोटं किती दिसतात?" त्यांनी हात वर केला. चार हातांवर हात होता. बिरुदेवाला एक गव्हाळ ठिपका दिसला. त्यानं अंदाजानं तीन सांगितली. हवालदारांनी मूठ मिटलेली होती.

सरकारी पाणबुडे दोन दिवस येऊन गळ टाकून, हातानं चाचपून गेले. तळाला चाळीस वर्षांचं लोखंड साठलेलं, गळाला जुने पाइप लागत होते. ते गेल्यावर आई, गोजाबाई, ओट्यावर बसल्या जागेवरून म्हणाली, "भाऊ मरताना तुला दिसला न्हाय. निदान पाना तरी दिसंल का?"

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बिरुदेव विहिरीत उतरला.

पोहायला तो त्याच विहिरीत शिकला होता आणि दम त्याचा गावात सगळ्यांत मोठा होता. पाणी पस्तीस फूट. सोलापुरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून त्यानं पोहण्याचा नंबरवाला गॉगल आणला होता, उणे पाचचा, तयार. डोळ्यांपुरत्या दोन वाट्या असलेला. वीस फुटांवर त्या वाट्या डोळे ओढायला लागल्या. बिरुदेवाला वाटलं, सहन करू. पंचवीस फुटांवर डोळ्यांच्या मागं कुणी चिमट्यानं धरून उपटावं तशी कळ आली. तो वर आला, गॉगल काढला, आणि काठावर बसलेली आई त्याच्याकडं बघून मागं सरकली. दोन्ही बुबुळांभोवती पांढरं उरलंच नव्हतं. नुसतं रक्त.

आबा म्हणाले, पुरे कर आता. गेलेला गेला. बिरुदेवाला बापाची किळस आली. पोटच्या पोराचं डोकं फुटलं आणि हा माणूस पुरे म्हणतो.

बिरुदेव सोलापुरात गुरुशांत यांच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर काम करत होता. बी.एस्सी. भौतिकशास्त्र झाल्यावर दुसरं काही मिळेपर्यंत, म्हणून धरलेल्या कामाला तिसरं वर्ष लागलं होतं. गुरुशांत अक्कलकोटकडचे. हिशेब कन्नडमध्ये मोजायचे आणि रागवायचे मराठीत. त्यांनी पापणी उलटून बघितली आणि विचारलं, तेहेतीस फुटांवर दाब किती होतो? दुप्पट, बिरुदेवानं सांगितलं. "मग वाटीतली हवा कुणी दुप्पट करायची? तुझ्या आज्ज्यानं?"

बिरुदेवाला सूत्र पाठ होतं. गॉगलच्या आत नाक नसतं आणि नाकातूनच हवा आत सोडता येते, एवढी साधी गोष्ट त्या सूत्रात कुठं लिहिलेली नव्हती.

डोळे निवळायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्यानं काम म्हणून पाणबुड्यांच्या मास्कचा अभ्यास केला. कॉन्टॅक्ट लेन्स गुरुशांतनी पहिल्यांदा खोडली. विहिरीच्या घाण पाण्यात ती घालून उतरलास तर पाना मिळेल, पण बुबुळ जाईल. जुन्या चष्म्याच्या काचा मास्कला आतून चिकटवायच्या, तर त्या डोळ्यापासून लांब पडतात, डिंक सुटतो आणि दोन काचांमध्ये वाफ धरते. चष्मा घालून वरून मास्क, तर काडीपाशी पाणी शिरतं. उरला तो नाकासाठी खिसा असलेला, दोन वेगळ्या काचांचा मास्क, ज्याच्या काचा काढून नंबराच्या बसवता येतात. एकच मोठी काच असलेला मास्क दिसायला झकास, पण त्याला तयार नंबर मिळत नाही. आणि आत हवा जितकी कमी मावेल तितका मास्क चांगला, कारण खोल गेल्यावर ती सगळी हवा छातीतूनच भरायची.

नंबरावर दोघांचं वाजलं. बिरुदेवाला पुरा उणे पाच हवा होता. गुरुशांतनी पाण्यात दिसतं किती ते विचारलं. दोन फूट, फार तर. मग त्यांनी कागद ओढला. पाण्यात वस्तू तीन-चतुर्थांश अंतरावर दिसते, म्हणजे दोन फुटांवरची दीड फुटावर. दीड फुटासाठी उणे पाचच्या डोळ्याला उणे तीनही चालतो.

"तुला दोन फुटांच्या पलीकडचं बघायचंच न्हाय," गुरुशांत म्हणाले. "नंबर जास्त घेऊन काय सूर्य बघणार आहेस विहिरीत?"

शेवटी दोन्ही काचा उणे चारच्या मागवल्या. कुरियर आलं तेव्हा गुरुशांतनी मास्क पट्ट्याशिवाय त्याच्या तोंडाला लावला आणि नाकानं हवा ओढायला सांगितली. मास्क चिकटून राहिला. सोडला तरी पडला नाही. असा बसत नाही सगळ्यांना, ते म्हणाले. मिशीतून हवा येते, लोक व्हॅसलीन फासतात. बिरुदेवाची मिशी दादाच्या दहाव्याला उतरवलेली होती, डोक्यासकट.

हवालदार सयाजी यांना कळवून दिवस ठरला. सकाळी अकरा वाजता, ऊन सरळ विहिरीत येतं तेव्हा. दोन पंच आले. धोंडीरामतात्या पलीकडच्या काठावर एकटा येऊन बसला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. बिरुदेवानं नवा चष्मा आईच्या हातात दिला. कमरेच्या दोरीचं दुसरं टोक आबांनी मागून घेतलं. दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाले. निदान एवढं तरी करतोय, असं बिरुदेवाच्या मनात आलं.

पहिल्या बुडीला तो त्यांच्या मोटारीचा पाइप धरून खाली गेला. कानात कळ आली की नाक दाबून फुंकायचं, मास्क तोंडाला आवळायला लागला की नाकातून थोडी हवा सोडायची. मास्क सैल होत होता, डोळे जागेवर राहत होते. पाणी हिरवं, त्यात बॅटरीचा उजेड काठीसारखा. तळ दिसतोय न दिसतोय तोच कमरेला हिसका बसला आणि तो वर ओढला गेला. आबा म्हणाले, लई वेळ झाला, जीव घाबरा झाला. दुसऱ्या बुडीला तसंच. त्यानं मनात आकडे मोजले होते; चाळीस सुद्धा झाले नव्हते, आणि त्याचा दम दीडशेचा.

तिसऱ्या बुडीला त्यानं खाली पोचल्या पोचल्या कमरेची गाठ सोडली आणि दोरी पाइपला बांधली.

वरून हिसके बसत राहिले. पाइप थरथरत होता. बिरुदेव गाळावर पालथा पडून, दोन-दोन फुटांचे चौकोन मनात पाडून, एकेक बघत गेला. गंजलेला पाइप. बादलीची कडी. प्लास्टिकची चप्पल. सगळ्याला कड होती. गाळातल्या शिंपल्याच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या. आणि मग, त्यांच्या पाइपाच्या बुडाशी, जबडा गाळात रुतून मूठ वर केलेला पाना.

त्यानं हात घातला तर हात पाण्यातच मिटला. पाण्यात वस्तू दिसते त्याहून लांब असते. त्यानं आणखी वीतभर हात लांबवला, मूठ धरली आणि अंगठ्यानं शेवाळ पुसलं.

पिवळा.

खालच्या बाजूला रंगाचा ओघळ सुकून थेंब झालेला होता. गेल्या खंडेनवमीला तो थेंब त्याच्याच ब्रशातून पडला होता आणि दादा हसला होता, बी.एस्सी. झालास पण रंग लावता येईना म्हणून.

वायंडिंगवाल्याकडं काही गेलं नव्हतं. पाना टॉवेलात होता. छातीत आग पेटायला लागली होती, तरी बिरुदेव हलला नाही. त्याला आता उलटं, मागून पुढं, दिसत गेलं. डोळ्यांना कड दिसत नाही, पण रंग दिसतो. त्यानं त्या दिवशी निळं काही बघितलंच नव्हतं. जे लांबोडकं वर गेलं होतं त्याच्या टोकाला पिवळं होतं, तिन्ही वेळा. आणि तो स्वतः उभा होता दादाच्या अगदी पाठीशी. दिग्विजय दादाच्या पलीकडं. पलीकडच्या माणसाचं कोपर दादाला वळसा घालून त्याच्या नाकावर येणार कसं? मारायला हात मागं घेतला की कोपर मागं जातं. चष्मा दादानं फोडला होता. पहिला, कोरडा आवाज दिग्विजयच्या खांद्याचा होता.

मग धावत कोण आलं होतं, पाणी कधी वाजलं होतं, आबा हात कशाला पुसत होते, आणि आज दोरी कोण ओढत होतं.

मूठ सोडली असती तर पाना पुन्हा गाळात गेला असता. एकदा त्यानं बोटं सैल केलीही. मग त्याला दिसली ती दुसरी वेळ आणि तिसरी वेळ, झटापटीत पाना दिग्विजयच्या हातात गेल्यावरची. पांढरा ढग खाली गेला होता तरी पिवळं त्याच्यावर येतच राहिलं होतं. ते सुद्धा पान्याबरोबरच वर येणार होतं, नाहीतर दोन्ही इथंच राहणार होती. त्यानं मूठ आवळली आणि तळाला लाथ मारली.

वर आल्यावर मास्क कपाळावर सरकवून, हातात पाना धरून तो पायऱ्यांवर रांगत आला. सगळे पुन्हा ढग झाले होते. गोजाबाईनं रंग बघितला. तिला नंबर नव्हता.

"टाक माघारी," ती हळूच म्हणाली.

"आपला हाय, आई."

"म्हणूनच म्हणते. टाक."

तो पायऱ्या चढत राहिला तशी तिनं चप्पल काढली आणि त्याच्या बोडक्या डोक्यावर, तोंडावर, जिथं लागेल तिथं हाणायला सुरुवात केली. एक फटका मास्कवर बसला. काच फुटली नाही, पण तिची चौकट भुवईत शिरली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पंच धावले. आबा दोरी हातात घेऊन तिथंच बसून होते. मारू नगंस त्याला, ते म्हणाले, तो पाना मीच टाकला होता. ते कुणी ऐकलं आणि कुणी नाही.

बिरुदेवानं पाना हवालदारांपुढं कट्ट्यावर ठेवला. "निळा लिहिलंय ते खोडा साहेब. पिवळा हाय, आमचा. आन मला कोपर लागलं ते दादाचं. पहिला घाव दादाचा."

पलीकडून धोंडीरामतात्या उठला. रडत रडत विहिरीला वळसा घालून आला, पोरा तू माझा दिग्या वाचवलास म्हणत त्याच्या पायांकडं वाकायला लागला.

"पुढचे दोन दिग्विजयचे," बिरुदेव म्हणाला. "दादा खाली पडल्यावरचे. तेबी लिहा."

वाकलेल्या तात्याचे हात पायांवरून गळ्यावर आले. चुलत्याचे अंगठे नरड्यात रुतले, दोघं कट्ट्यावर कोसळले, आणि हवालदारांनी काठीनं बोटं सोडवेपर्यंत बिरुदेवाला पुन्हा एकदा सगळं हिरवं दिसलं.

जबाब नव्यानं लिहायला अर्धा तास लागला. वाच आणि सही कर, हवालदार म्हणाले. बिरुदेवानं चष्म्यासाठी आईकडं हात केला. ती विहिरीच्या काठावर उभी होती. तिनं चष्मा त्याला दाखवला, म्हणजे त्याच्या दिशेनं काहीतरी चमकलं, आणि मग पाणी वाजलं. या वेळी अगदी बारीक.

बिरुदेवानं मास्कमधलं रक्त सदऱ्याच्या टोकानं पुसलं, मास्क कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि कागद दीड फुटावर धरला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. एके ठिकाणी हवालदारांनी 'तीन' ऐवजी 'दोन' लिहिलं होतं, ते त्यानं दुरुस्त करायला लावलं. घाव एकूण तीन. पहिला जोतिरामचा, नंतरचे दोन दिग्विजयचे. मग सही केली.

मान वर केली तेव्हा आई अजून तिथंच, दोन हातांवर होती. मास्कमधून ती पहिल्यांदाच कडेसकट दिसली. ओठांच्या बाजूला दोन रेघा, हनुवटीवर गोंदण, आणि हातात एकच चप्पल. तिनं त्याच्याकडं बघितलं, चप्पल पायात घातली आणि उसाच्या बांधानं घराकडं चालू लागली. जाताना पायाजवळ पडलेली दोरी तिनं उचलून गुंडाळली आणि खांद्यावर टाकली. पाच-सहा पावलांवर तिच्या लुगड्याची कड धूसर व्हायला लागली. चार नंबर तेवढ्यापुरताच होता.